मागच्या चाकाआधी तीन बोटं

चाळीस वर्षं मी गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ केले. या धंद्यात माणूस खोटं बोलतो आणि पत्रा खरं बोलतो, हे पहिल्याच वर्षी कळतं. मालक सांगतो, कुत्रं आडवं आलं. मी पोच्यावर तळवा फिरवतो. पोचा वरपासून खालपर्यंत उभा असतो, कडेला सिमेंटची भुकटी लागलेली असते. म्हणजे खांब. मी तोंडानं काही म्हणत नसे, हातोडी उचलून कामाला लागे. पण मनात म्हणे, बरं का, कुत्रं उभं होतं आणि सिमेंटचं होतं.

काम सुटलं तरी ही खोड सुटली नाही. भाजीवाल्यानं दोन टोमॅटो जास्त घातले, तर मी घरी येऊन सगळे उलटेपालटे करून बघतो.

वाचायला मी बासष्टाव्या वर्षी शिकलो. सूनबाई शाळेत शिकवते. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, चाळीस मुलांना शिकवते, एकेचाळिसावे तुम्ही." वर्षभर तिनं माझ्याशी झटापट केली. अक्षरं जुळायला लागली तेव्हा मी पहिलं काय वाचलं, तर गाड्यांचं मासिक. आमच्या गॅरेजमध्ये ते कित्येक वर्षं यायचं आणि मी नुसती चित्रं बघायचो. वाचता यायला लागल्यावर कळलं, की मागच्या बाजूला हौशी लोकांसाठी एक पान असतं. दर दोन महिन्यांनी ते एक विषय देतात. त्या विषयाची गाडी हातानं काढायची, बाजूनं दिसते तशी. ज्याचं पोट चित्रांवर चालतं त्यानं भाग घ्यायचा नाही. पहिलं आलेलं चित्र पानभर छापतात आणि रंगीत पेन्सिलींची एक पेटी देतात. बस, एवढंच.

मी म्हटलं, दुसऱ्यांनी बिघडवलेल्या गाड्या आयुष्यभर नीट केल्या, आता एखादी आपली करावी.

नऊ वेळा चित्रं पाठवली. एकदा माझं नाव "उल्लेखनीय" म्हणून छापून आलं, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते कापून मी चष्म्याच्या डबीत ठेवलंय.

फवारा तेव्हा खूप हसला होता. फवारा म्हणजे आमच्या गॅरेजचा पेंटर. मी पत्रा ठोकायचा आणि त्यानं रंग मारायचा, अशी तीस वर्षं गेली. त्याला फवारा म्हणतात ते स्प्रे गनमुळे, असं तो सांगतो. पण त्याच्या समोर बसून ज्यानं बोलणं ऐकलंय आणि नंतर तोंड पुसलंय, त्याला खरं कारण ठाऊक आहे. तो मला ठोक्या म्हणतो. दर रविवारी अकराला आमच्याकडे चहाला यायचा. त्याला लिहितावाचता येत नाही. आम्ही दोघंही अंगठेबहाद्दर होतो. मी सुटलो, तो राहिला.

"ठोकायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून आता कागद ठोकतोयस होय रे?" माझी चित्रं बघून तो म्हणायचा. "आणि ही बघ, ही गाडी. हिला रंग कोण मारणार? एवढ्या कोपऱ्यात माझी गन जायची नाही."

गेल्या वर्षी विषय आला, गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरची छोटी गाडी. मी बसलो. माझी सुरुवात नेहमी मागच्या चाकापासून होते. एरवी एका चित्राला महिना लागतो, हे चित्र मात्र चार दिवसांत झालं. बाजूनं जाणारी रेघ पुढच्या दिव्यापासून निघाली, दोन्ही दारांवरून सरळ गेली, मागच्या चाकाच्या किंचित आधी थोडी दबली आणि मग चाकावरून उठली, मांजर पाठ काढतं तशी. मी ती रेघ काढली असं म्हणणं बरोबर नाही. हातानं काढली, मी बघत राहिलो. खऱ्या पत्र्यावर तो दबाव चाकाच्या आधी तीन बोटांवर येईल, हेसुद्धा मला मोजल्यासारखं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाकीट टपालात टाकलं. महिन्याभरानं मासिकाच्या कार्यालयाचं पत्र आलं. सूनबाई शाळेत होती. मी एकट्यानं वाचलं. एकदा वाचायला अर्धा तास लागला, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा अर्धा तास.

पत्रात लिहिलं होतं की, तुमच्या चित्रातली बाजूची रेघ आणि दुसऱ्या एका स्पर्धकाच्या चित्रातली रेघ अगदी सारखी आहे. मागच्या चाकाआधीचा दबावसुद्धा तोच. इतकं साम्य योगायोगानं येत नाही, म्हणजे एकानं दुसऱ्याचं उचललेलं आहे. दोघांनाही पत्र पाठवत आहोत. तीन आठवड्यांत आपलं म्हणणं लेखी कळवावं. जो कळवणार नाही त्याचा दोष समजला जाईल. सोबत दुसऱ्या चित्राची झेरॉक्स जोडली होती, नावावर पट्टी चिकटवून.

नावाची गरजच नव्हती. त्या चित्रात एकही कडा नव्हती. गाडीवर उजेड कुठे सांडलाय आणि कुठे सांडला नाही, एवढंच काढलं होतं. मधे दारावर ट्यूबलाइटची लांब पांढरी पट्टी पडली होती. रंग सुकल्यावर पेंटर ट्यूबलाइट धरून बघतो ना, तशी. असं गाडीकडे बघणारा माणूस मला जगात एकच माहीत होता, आणि तो दर रविवारी माझ्या घरी चहा पीत होता.

मला हसणारा फवारा स्वतः चित्रं पाठवत होता आणि मला बोलला नव्हता.

आता मागचे रविवार आठवायला लागले. माझी चित्रांची वही बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर असते. चहा करायला मी आत जातो तेव्हा तो तिथं एकटाच असतो. एकदा मी परत आलो तेव्हा वही सरळ होती, मी तिरकी ठेवली होती. की मीच सरळ ठेवली होती? एकदा तो म्हणाला होता, "यंदा डॉक्टरची गाडी म्हणे?" मी त्याला विषय सांगितला होता का? सांगितला असेन. पण नसेन तर?

संध्याकाळी सूनबाईला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, रविवारी काका आले की सरळ विचारा ना त्यांना."

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"चोर कशावरून?"

"मग माझ्यापासून लपवलं कशाला?"

"तुम्हीही लपवताच की. परवा मी विचारलं गोळी घेतली का, तर हो म्हणालात. गोळी उशीखाली होती."

"गोळीचा इथं काय संबंध?"

"तेच म्हणते. सगळ्याच लपवण्याचा चोरीशी संबंध नसतो." असं म्हणून ती वह्या तपासायला बसली. शिक्षकाला सगळं लाल पेनानं सुटतं असं वाटतं.

पहिल्या रविवारी फवारा आला. बसला. नेहमीसारखा बोलत नव्हता, माझा चष्मासुद्धा कोरडा राहिला. सारखा शर्टाच्या खिशाला हात लावत होता.

"खिशात काय आहे रे? विंचू?" मी म्हटलं.

"काही नाही." हात खाली गेला. दोन मिनिटांनी परत वर आला. चहा संपला तसा तो उठला आणि दारात थांबून म्हणाला, "ठोक्या, तुझ्याकडे..." मग म्हणाला, "जाऊ दे." आणि गेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

दुसऱ्या रविवारी त्यानं विचारलं, "तुझ्या त्या मासिकवाल्यांचं काही आलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "का रे?"

"सहज."

सहज! इतक्या वर्षांत या माणसानं मासिकाकडून मला काय आलं याची कधी चौकशी केली नव्हती. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो कपाकडे बघत राहिला. मलाही खोटं बोलताना काही वाटलं नाही याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. तेव्हा वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी सापळा लावला.

पुट्टी घासायच्या आधी पेंटर तिच्यावर काळी कोरडी भुकटी पुसतो. तिला गाइड कोट म्हणतात. घासल्यावर उंच जागेवरची भुकटी निघून जाते आणि खोलगट जागी ती तशीच बसून राहते. पृष्ठभागाला कुठे काय झालंय ते लपत नाही. माझ्या जुन्या पेटीत डबी होती. साडेदहाला मी वहीच्या काळ्या कव्हरवर ती भुकटी बोटानं पातळ पसरली. काळ्यावर काळी, लांबून दिसणार नाही. हात लावला की मात्र ठसा उठणार.

फवारा आला. मी चहाला आत गेलो आणि मुद्दाम वेळ लावला. आलं किसलं, परत किसलं. बाहेर आलो तर तो खिडकीशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. वहीवर अख्खा तळवा उमटला होता. पाची बोटं.

"येतो मी," तो म्हणाला.

"चहा?"

"नको."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला आणखी कसला पुरावा हवा होता? खाई त्याला खवखवे.

ठसा उमटला त्याच दुपारी मी पत्र लिहायला बसलो होतो. तोवर मी फॉर्म भरले होते, दूधवाल्याला चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. पत्र असं कधी लिहिलं नव्हतं. सूनबाईला दाखवलं नाही. तीन कागद फाडले, चौथ्यावर लिहिलं. "महोदय, ती रेघ माझी आहे. दुसरे चित्र ज्याचे आहे त्या माणसाला मी ओळखतो. तो माझ्या घरी येतो आणि माझी वही बघतो. मी त्याला पुराव्यासह पकडले आहे. त्याने चोरी केली आहे." खाली सही केली. सही करताना मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. एवढं सगळं मी एकट्यानं लिहिलं होतं.

पुढच्या अंकात माझी गाडी आली, पानभर. खाली माझं नाव, आता मुंगीएवढं नव्हे. आणि त्याच्याही खाली चौकटीत, की याच विषयावर उचललेलं चित्र पाठवणाऱ्या एका स्पर्धकानं खुलासा केलेला नाही, म्हणून यापुढे त्याची चित्रं कधीही स्वीकारली जाणार नाहीत. चार दिवसांनी पेन्सिलींची पेटी आली. छत्तीस रंग होते. मी त्यांना टोकसुद्धा केलं नाही.

"काका बरेच दिवसांत आले नाहीत," सूनबाई म्हणाली.

"त्याला तोंड कुठे आहे यायला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही मासिकवाल्यांना काय लिहिलंत?"

"इतकं काही नाही."

"मला न दाखवता?"

मी मासिक उघडून तिच्यापुढे धरलं. तिनं चित्र बघितलं नाही, चौकट वाचली आणि आत गेली. त्या दिवशी जेवताना ती माझ्याशी बोलली नाही.

आठवडाभरानं दारात हॉर्न वाजला. गुरांची डॉक्टरीण होती, आमच्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. आता तिचे केस पांढरे झाले होते. हातात तेच मासिक.

"मिस्त्री, कमाल केलीत! माझी गाडी काढलीत आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत?"

"तुमची?"

"मग कुणाची? या बाहेर."

बाहेर तिची निळी गाडी उभी होती. बावीस वर्षांपूर्वी मी तिच्यावर काम केलं होतं हेही मला आठवत नव्हतं. हजार गाड्या हातांखालून गेल्या. तिनं डाव्या बाजूला नेऊन मला उभं केलं. दारांवरून रेघ सरळ येत होती, मागच्या चाकाआधी दबत होती आणि चाकावरून उठत होती. मी वळसा घालून उजव्या बाजूला गेलो. तिथं असलं काही नव्हतं. कारखान्यातून आली तशी सपाट बाजू होती.

परत डाव्या बाजूला आलो आणि डोळे मिटून तळवा ठेवला. दबावापासून चाकाच्या कडेपर्यंत माझी तीन बोटं नेमकी बसली.

मग सगळं आठवलं. पत्रा इतका आत गेला होता की ठोकून ठोकून तो ताणला गेला. ताणलेला पत्रा परत सपाट होत नाही. चाकावर मी तो जमेल तेवढा वर उचलला, पण पुढे एक खळगा राहिलाच. मी फवाऱ्याला म्हटलं होतं, भर पुट्टी, करून टाक सपाट. तो म्हणाला होता, "एवढी जाड पुट्टी दोन वर्षांत तडकेल. बाईला गावोगाव फिरायचंय. थांब, खळगा लपवायचाच नाही, दाखवायचा." आणि त्यानं दोन दिवस घासून घासून दारावरची रेघ त्या खळग्यात उतरवली आणि माझ्या उठावाला नेऊन मिळवली. मालकिणीला वाटलं मुद्दाम केलंय.

विषय आला डॉक्टरची गाडी, आणि दोन म्हाताऱ्यांच्या हातांना एकच गाडी आठवली. कुणी कुणाची वही उघडायची गरजच नव्हती.

"बैलानं काय धडक दिली होती हो तेव्हा," डॉक्टरीण सांगत होती. "आणि तुम्ही मला तीनदा विचारलंत, बाई, खांब होता ना? आठवतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मला आठवतं. तुम्ही विश्वास ठेवलाच नाहीत. तुमच्या जोडीदारानं ठेवला. तो म्हणाला, शिंगांचे दोन खळगे आहेत की, तुला दिसत नाहीत का रे? कुठे असतात ते हल्ली?"

मी तिला चहा विचारायलासुद्धा विसरलो.

फवाऱ्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. दार वहिनींनी उघडलं. "आलात?" एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. तो आतल्या खोलीत खिडकीजवळ बसला होता. भिंतीला त्याची चित्रं लावलेली होती, आठ-दहा. सगळी उजेडाची. मी तीस वर्षांचा मित्र, आणि या खोलीत कित्येक महिने आलोच नव्हतो. रविवारी तोच येई.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो नाही. "त्या रविवारी तू वहीला हात का लावलास?"

"अरे, गाइड कोट पसरलेला दिसला तर पेंटरचा हात जाणार नाही का? चाळीस वर्षांची सवय. हात फिरवला आणि मग कळलं की ही तर वही आहे." तो थांबला. "वहीवर गाइड कोट कशाला मारतात, एवढं मलाही कळतं, ठोक्या. मी ती उघडली नाही. कधीच नाही."

"मग चित्रं पाठवतोस ते मला का नाही सांगितलंस?"

"तुला इतका हसलो होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं नंबर आला की सांगेन. फॉर्म झेरॉक्सवाला भरून द्यायचा."

त्यानं गादीखालून दोन पाकिटं काढली. पहिल्याच्या घड्या खिशात राहून राहून चिरल्या होत्या. "हे पहिलं आलं. आत तुझं चित्र होतं. नाव झाकलेलं होतं, पण असला ठोकून काढलेला बंपर दुसऱ्या कुणाचा असणार? मला वाटलं तुझा नंबर आला असेल. नाहीतर तुझं काहीतरी वाकडं निघालं असेल. झेरॉक्सवाल्याला वाचायला दिलं नाही. तुझ्याबद्दल काय असेल नसेल, परक्याला कशाला? म्हटलं तूच वाचून दाखवशील. तीन रविवार घेऊन येत होतो."

खिशात विंचू नव्हता, पत्र होतं. मी खाली बसलो.

"मग गाइड कोट बघितला," तो म्हणाला, "आणि परत घेऊन आलो. नंतर हे दुसरं आलं. आता आलाच आहेस तर वाच."

पहिलं वाचलं. मला आलेलंच होतं, नावं बदलून. दुसरं उघडलं. बंदीचं पत्र होतं, आणि कार्यालयानं कारण म्हणून माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवून घातली होती.

समोर बसलेल्या माणसाला एक अक्षर येत नव्हतं. कागद माझ्या हातात होता. खुलासा आला नाही म्हणून बंद केलंय, एवढं वाचून घडी घातली असती तर तेही खोटं नव्हतं. मधल्या चार ओळी गाळायच्या, बस. नऊ वर्षं वाचतोय, पण कागदावरचं गाळता येतं हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. डॉक्टरणीची गोष्ट सांगायची, दोघांनी हसायचं, आणि कार्यालयाला गुपचूप दुसरं पत्र टाकायचं.

फवारा माझ्या तोंडाकडे बघत होता. ट्यूबलाइट धरून दार बघतो तसा, किंचित मान कलती करून.

मी वाचायला लागलो. "दुसऱ्या स्पर्धकाने लेखी कळवले आहे की, त्या माणसाला मी ओळखतो. तो माझ्या घरी येतो आणि..." इथे मी ओळीवर बोट ठेवलं. वहिनींनी पाणी आणून ठेवलं. प्यालो नाही. "...आणि माझी वही बघतो. मी त्याला पुराव्यासह पकडले आहे. त्याने चोरी केली आहे."

खालची तारीखसुद्धा वाचली. मग कागद खाली ठेवला.



"सगळं वाचलंस?" त्यानं विचारलं.

"सगळं."

"मधलं काही गाळलं नाहीस?"

"नाही रे."

"माहीत आहे." त्यानं कागद उचलून घडी घातली. "दुसरं मी झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं होतं. दोनदा. मला पाठ आहे. बघत होतो तू काय वाचतोस."

माझं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तूही..."

"मग? तू वहीवर गाइड कोट मारलास, मी पत्रावर मारला." त्यानं नाक ओढलं. "तू एक ओळ जरी गाळली असतीस ना, तर परत या घराची पायरी..." वाक्य पुरं झालं नाही. पण माझ्या चष्म्यावर तीन थेंब पडले, आणि मी ते पुसले नाहीत.

मग मी त्याला निळ्या गाडीचं सांगितलं. त्यालाही आठवत नव्हतं. बैल म्हटल्यावर आठवलं. "म्हणजे खळगा माझा," तो म्हणाला.

"खळगा माझा. राहिला होता तो माझ्याच्यानं."

"राहिला तुझ्याच्यानं. त्याची रेघ केली मी."

"उठाव तरी माझा आहे ना?"

"असू दे. ठेव तो तुला."

पत्र तिथंच लिहिलं. मी लिहीत होतो, तो सांगत होता आणि दर दोन ओळींनी म्हणत होता, "वाच." मी वाचत होतो. चाकाआधी तीन बोटं असं लिहिलं तर म्हणाला, "चार. तुझी बोटं जाड आहेत." त्यावर दहा मिनिटं गेली. शेवटी "तीन किंवा चार" असं लिहिलं. मी चोरी म्हणालो ते खोटं होतं, हे वाक्य मी स्वतः घातलं, त्यानं सांगितलं नव्हतं. बक्षीस काढून घ्यावं असंही लिहिलं. खाली माझी सही, शेजारी त्याचा अंगठा. अंगठ्याला शाई नव्हती म्हणून माझ्या घरून गाइड कोटची डबी आणली.

पाकीट त्यानं आपल्या हातात ठेवलं. "मी टाकतो."

"मी येतो ना बरोबर."

"का? विश्वास नाही?"

मी बाजूला झालो. तो एकटाच चपला घालून गेला. मी त्याच्या खिडकीत उभा राहिलो. तिथून टपालपेटी दिसत नाही, कोपऱ्यावरचं झाड मधे येतं. मान तिरकी केली तर कदाचित दिसली असती.

मी मान तिरकी केली नाही. वहिनींनी आणलेलं पाणी अजून तिथंच होतं, ते प्यालो.

दोन महिन्यांनी अंक आला. चौकटीत चार ओळी होत्या. दोन्ही चित्रं त्या स्पर्धेतून काढली, बक्षीस कुणालाच नाही, दुसऱ्या स्पर्धकावरची बंदी उठवली, पेन्सिली परत पाठवू नयेत. मी ते सूनबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं लाल पेन खाली ठेवून ऐकलं.

रविवारी अकराला फवारा आला. वहीकडे बघून म्हणाला, "आज काही पसरलंय का? नाहीतर हात जाईल."

"हात लाव," मी म्हटलं, आणि चहा करायला आत गेलो.